शाळेतून चिंता आणि नैराश्य रोखण्याचे कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एखादं मूल आत्ता धोक्यात आहे असं वाटत असेल, तर बाकी सगळं राहू द्या आणि थेट प्रश्न १३ वाचा.

१. असा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय? तज्ज्ञांना बोलावून एक व्याख्यान ठेवलं तर चालेल ना?

व्याख्यान ठेवायला हरकत नाही, पण त्याला प्रतिबंधाचा कार्यक्रम म्हणता येत नाही. तासाभराच्या भाषणातून नैराश्य नावाचा आजार असतो एवढं मुलांना कळतं. रात्री झोप लागत नाही आणि एकच विचार डोक्यात फिरतोय, तेव्हा काय करायचं ते कळत नाही. ते करून बघूनच शिकावं लागतं. म्हणून असे कार्यक्रम बहुधा आठवड्याला एक तास याप्रमाणे आठ-दहा आठवडे चालतात आणि प्रत्येक तासात मुलं काहीतरी करतात.

बहुतेक कार्यक्रम सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीवर, बेतलेले असतात. एक तास कसा असतो ते बघा. फळ्यावर प्रसंग लिहिलेला असतो: ‘मैत्रिणीला मेसेज केला. तिनं तो वाचला. दोन तास झाले, उत्तर नाही.’ मुलं वहीत तीन रकाने आखतात: काय घडलं, मनात काय आलं, मग मी काय केलं. एक मुलगी मधल्या रकान्यात लिहिते, ‘ती माझ्यावर चिडली आहे,’ आणि शेवटच्या रकान्यात, ‘मी तिला ब्लॉक केलं.’ शेजारच्या बाकावरचा मुलगा लिहितो, ‘कामात असेल,’ आणि त्याचा तिसरा रकाना कोराच राहतो. दोघं वह्या एकमेकांशेजारी ठेवतात. पहिला रकाना दोघांचा सारखाच, पुढचे दोन वेगळे. पुढच्या तासाला ‘ती चिडली आहे’ या विचाराला आधार काय, विरोधात काय, हे तपासायचं असतं.

याशिवाय अडचण सोडवण्याच्या पायऱ्या, भीती वाटते ती गोष्ट टाळण्याऐवजी थोडी थोडी करत जाणं, मन खचलेलं असताना एखादी आवडती गोष्ट ठरवून करणं आणि मदत कुणाकडे, कशी मागायची, हेही त्यात येतं.

२. मूल उदास आहे की त्याला नैराश्य आलंय? कार्यक्रम यातलं काय रोखतो?

उदास होणं, परीक्षेआधी पोटात गोळा येणं, मैत्री तुटल्यावर चार दिवस जेवण न जाणं, हे रोखायचं नसतंच. त्या भावना त्या त्या प्रसंगाला साजेशा आहेत. काळजी कधी करायची? उदासी, चिडचिड किंवा भीती आठवडे उलटले तरी हटत नाही, आणि तिच्यामुळे झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं काहीतरी सुटत चाललंय, तेव्हा. या वयात नैराश्य कधी कधी रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं, हे शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावं. ‘उद्धट झालाय’ म्हणून ज्याच्याबद्दल तक्रारी येतात, तो मुलगा कदाचित आतून खचलेला असतो.

कार्यक्रमाचं काम आहे ही घसरण सुरू होऊ नये किंवा लवकर थांबावी हे. घसरण झाली असेल तर उपचार लागतात, आणि वर्गातला तास हा उपचार नाही (प्रश्न १८).

३. एवढी घाई कशाला? मुलं अजून लहान आहेत.

कारण हे त्रास याच वयात मूळ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो. जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी करून २०२२ साली छापलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की ज्यांना आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होतो, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांची सुरुवात १४ वर्षांच्या आत आणि जवळपास निम्म्यांची १८ च्या आत झालेली असते. भीतीचे काही प्रकार त्याहूनही लवकर सुरू होतात. नैराश्य बहुधा वयात येण्याच्या सुमारास आणि नंतर वाढतं, मुलींमध्ये जास्त.

शाळा यासाठी सोयीची, कारण दवाखान्यात कधीच न पोचणारी मुलंही शाळेत रोज येतात.

४. सगळ्या वर्गाला घ्यायचा की ज्यांना गरज आहे त्यांनाच?

तीन प्रकार आहेत. सरसकट सगळ्यांसाठी. ज्यांच्या परिस्थितीत धोका जास्त आहे अशांसाठी, उदाहरणार्थ आई किंवा वडिलांना नैराश्य आहे, किंवा घरात नुकताच मृत्यू झालाय. आणि तिसरा, ज्यांच्यात थोडी लक्षणं दिसायला लागली आहेत पण आजार म्हणावा इतकी नाहीत अशांसाठी.

सगळ्यांना दिला तर कुणावर शिक्का बसत नाही आणि निवड करण्याची भानगड नाही. पण वर्गातल्या बहुतेक मुलांना त्या दिवशी काही त्रास नसतो. त्यांना तास कंटाळवाणा वाटतो, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला तो अपुरा पडतो. निवडक मुलांच्या छोट्या गटात परिणाम जास्त दिसतो, विशेषतः नैराश्याच्या बाबतीत. तिथे अडचण वेगळी. ‘तू त्या गटात आहेस का?’ हे मधल्या सुट्टीत विचारलं गेलं, की पुढच्या आठवड्यात मूल येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: साधनं थोडी असतील तर सगळ्यांसाठी हलकं काहीतरी करण्यापेक्षा थोड्यांसाठी नीट करा. आणि त्या गटाला असं नाव आणि अशी वेळ द्या, की त्यात असणं चारचौघांत सांगायला लाज वाटू नये.

५. खरंच उपयोग होतो का? खरं सांगा.

होतो, पण थोडा, आणि प्रत्येक वेळी नाही.

२०२१ साली ११८ चाचण्यांचा, म्हणजे कार्यक्रम मिळालेल्या मुलांची न मिळालेल्या गटाशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ४६ हजार मुलं होती. कार्यक्रमानंतर लगेच मोजलेला सरासरी परिणाम नैराश्यासाठी ०.२१ आणि चिंतेसाठी ०.१८ निघाला. या मोजपट्टीवर ०.२ म्हणजे ‘लहान’. एकेका मुलाकडे पाहून हा फरक ओळखू येणार नाही. हजारो मुलांत तो धरला तर काहीजण आजाराच्या रेषेच्या अलीकडे राहतात. त्याआधी, २०१९ मध्ये, वेगळ्या पद्धतीनं केलेल्या आढाव्यानं मात्र शाळेतल्या अशा कार्यक्रमांच्या उपयोगाचा पुरावा फारच तोकडा आहे असा निष्कर्ष काढला होता. दोन्ही आढावे गंभीर संशोधकांचे आहेत. फरक कशाशी तुलना केली आणि कोणते अभ्यास धरले यावरून पडतो.

मोठ्या, नेटक्या चाचण्यांमध्ये अपयशही आलं आहे. इंग्लंडमध्ये आठ शाळांतल्या ५ हजारांवर मुलांच्या चाचणीत काहींना वर्गात सीबीटी देऊन पाहिली गेली. निकाल २०१२ मध्ये आले, आणि नैराश्याचा धोका जास्त असलेल्या मुलांत वर्षभरानंतर काहीच फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात तर ५० माध्यमिक शाळांपैकी निम्म्यांत तीन वर्षं कार्यक्रम चालवूनही नैराश्याच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

दुसऱ्या बाजूला, युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११ हजारांवर मुलांवर झालेली चाचणी आहे, निकाल २०१५ चे. त्यात तीन उपाय ताडून पाहिले: शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवणं, प्रश्नावलीवरून मुलं निवडून तज्ज्ञांकडे पाठवणं, आणि मुलांनाच भूमिका करून, चर्चा करून मनाच्या प्रश्नांवर बोलतं करणारा ‘याम’ नावाचा पाच तासांचा कार्यक्रम. एका वर्षानंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि तसे तीव्र विचार ‘याम’ मिळालेल्या मुलांत तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्मे होते. बाकी दोन उपायांनी असा ठळक फरक पडला नाही. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोठ्यांना पहारेकरी नेमण्यापेक्षा मुलांना आपसात बोलायला जागा देणं जास्त कामी आलं.

६. यानं नुकसान होऊ शकतं का?

होऊ शकतं. ‘मनाचंच तर शिकवतोय, वाईट काय होणार’ ही समजूत सोडायला हवी.

ऑस्ट्रेलियात हजारावर मुलांच्या चाचणीत त्यांच्यातल्या काहींना आठ आठवडे भावना हाताळण्याची कौशल्यं वर्गात शिकवली. ती ज्या उपचारपद्धतीतून घेतली होती, ती तीव्र त्रास असलेल्या रुग्णांसाठी चांगली सिद्ध झालेली आहे. २०२३ मध्ये निकाल आले तेव्हा कार्यक्रम झालेल्या मुलांत चिंता आणि नैराश्य नेहमीचे तास झालेल्या मुलांपेक्षा जास्त होतं, आणि आईवडिलांशी नातंही बिघडलेलं होतं. नात्यातला हा फरक सहा महिन्यांनंतरही टिकला. ज्यांनी घरी सराव जास्त केला, त्यांचं बरं चाललं होतं; पण तसा सराव करणारी मुलं थोडीच होती.

असं का होत असावं? एक शक्यता अशी, की मुलांचं लक्ष आतल्या त्रासाकडे वळवलं जातं, पण त्याचं काय करायचं ते हातात येण्याआधीच तास संपतो. दुसरी अशी, की साध्या अस्वस्थतेला मूल आजाराचं नाव द्यायला लागतं. ‘मला टेन्शन आलंय’चं ‘मला अँक्झायटी आहे’ होतं, आणि मग मूल वर्गात उत्तर द्यायला उभं राहणं टाळतं. टाळल्यानं भीती वाढते. मानसिक आरोग्याच्या जागृतीमुळेच काही प्रमाणात नोंदवला जाणारा त्रास वाढत असेल का, हा प्रश्न २०२३ पासून संशोधकांनी उघडपणे मांडला आहे. तो अजून सुटलेला नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखाही नाही.

म्हणून लक्षणांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. ‘या भावना येतात, बहुतेक वेळा जातात, नाही गेल्या तर हे करा, या माणसाकडे जा’ असं सांगा. आणि कार्यक्रम सुरू असताना कुणाचं बिनसतंय का, हे दर आठवड्याला विचारत राहा.

७. आमच्याकडे रोज ध्यान घेतात. ते बंद करायचं का?

बंद करायची गरज नाही, पण नैराश्य रोखण्याची भिस्त त्यावर ठेवू नका. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या ८ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसची, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाची, चाचणी झाली, निकाल २०२२ चे. शाळेत आधीपासून चालू असलेल्या नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्यानं जास्त काही साधलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. काही निकालांवरून तर असं दिसलं, की आधीच त्रासात असलेल्या मुलांना ते मानवत नसावं.

शांत बसणं ऐच्छिक ठेवा. डोळे मिटल्यावर ज्याला जास्तच अस्वस्थ वाटतं, त्याला खिडकीबाहेर पाहू द्या किंवा चित्र काढू द्या. त्यासाठी रागावू नका.

८. तास कुणी घ्यावा? आमच्या शिक्षकांनी की बाहेरच्या माणसानं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि परिणाम होणार की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला. काही शाळांत त्यासाठी नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकानं, आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकानं. भित्तिपत्रक, तक्रारी आणि सूचनांची पेटी, दादागिरीविरुद्ध नियम, एकेकट्या मुलाशी बोलणं, असं सगळं त्यात होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात समुपदेशक असलेल्या शाळांचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत काहीच बदललं नाही.

इंग्लंडमध्ये ९-१० वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीतही तसंच आढळलं: तोच अभ्यासक्रम, पण आरोग्य सेवेतल्या माणसांनी घेतला तिथे वर्षभरानंतर चिंता जास्त उतरली.

शिक्षक कमी पडतात असा याचा अर्थ काढू नका. शिक्षकाच्या हातात गुण असतात, शिक्षा असते, प्रगतिपुस्तक असतं. सकाळी ज्यांनी गृहपाठासाठी उभं केलं, त्यांच्यापुढेच दुपारी ‘मला घरी भीती वाटते’ असं मूल कसं बोलेल? शिवाय दिवसाचे सगळे तास भरलेल्या माणसाकडे हे आणखी एक काम आलं, की ते फक्त उरकलं जातं.

बाहेरची व्यक्ती मोठी तज्ज्ञच हवी असंही नाही. केनियात नुकतंच शालेय शिक्षण संपवलेल्या तरुणांना थोडकं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी त्रासाची लक्षणं असलेल्या मुलांच्या छोट्या गटांसोबत चार आठवडे, आठवड्यातून एकदा बैठक घेतली. ४१३ मुलांच्या त्या चाचणीत अभ्यासकौशल्यं शिकवलेल्या गटापेक्षा या मुलांची चिंता आणि नैराश्य जास्त कमी झालं. निकाल २०२१ चे आहेत. त्या बैठकांमध्ये आजाराबद्दल जवळपास बोलतच नव्हते. माणूस बदलू शकतो, आपल्याला काय मोलाचं वाटतं, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत, यावर लिहिणं आणि बोलणं होतं.

शिक्षकच घेणार असतील तर निदान दुसऱ्या वर्गाचे शिक्षक असावेत, त्यांचा एक तास खरोखर कमी करावा, आणि अडलं तर विचारायला महिन्यातून एकदा तरी तज्ज्ञ भेटावा.

९. किती तास पुरे? कधी ठेवायचे?

जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं सरळ गणित दिसत नाही. वर आलेले पाच तासांचे आणि चार बैठकांचे कार्यक्रम चालले, वर्षानुवर्षं चाललेले काही पडले. जे ठरवलंय ते न गाळता घेणं आणि काही महिन्यांनी उजळणीचा एखादा तास ठेवणं, एवढं सांभाळा. खेळाचा तास काढून मात्र देऊ नका. व्यायाम आणि मोकळं खेळणं मुलांच्या मनाला उपयोगी पडतं, आणि ते हिरावून ‘मन कसं सांभाळावं’ शिकवणं मुलांना पटतही नाही.

१०. मुलांना कणखर करण्याआधी शाळेनं काही बदलायला नको का?

नक्कीच. मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवायचे आणि त्याच मुलाचे कमी गुण भर वर्गात वाचून दाखवायचे, हे एकत्र चालत नाही.

दादागिरी हे किशोरवयातल्या नैराश्याचं एक पक्कं, आणि शाळेच्या हातातलं कारण आहे. इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांपैकी निम्म्यांत विद्यार्थी आणि कर्मचारी यांची मिळून समिती केली, शाळेत काय खटकतं ते तिथे ठरवलं गेलं आणि भांडणांवर शिक्षेऐवजी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मार्ग काढला. २०१८ च्या निकालात तीन वर्षांनी दादागिरी थोडी कमी झालेली होती आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्यही सुधारलेलं होतं. यात ‘चिंता’ आणि ‘नैराश्य’ शिकवणारा वेगळा तास हा मुख्य भाग नव्हता.

झोप हे दुसरं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. मुलाला रात्री लवकर झोप येत नाही, तो त्याचा आळस नव्हे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये किशोरवयीनांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नये अशी शिफारस केली.

आणखी एक बारीकशी गोष्ट. समुपदेशकाची खोली कुठे आहे ते पाहून या. ती मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून, काचेच्या दाराची असेल, आणि बाहेरच्या बाकावर शिक्षा झालेली मुलं बसत असतील, तर तिथे कुणी आपणहून जाणार नाही. ग्रंथालयाशेजारी हलवा. तिथे जायला मुलाकडे हजार कारणं असतात.

११. फक्त परीक्षेच्या ताणासाठी काही करता येईल का?

येईल, पण परीक्षेच्या तोंडावर नको. काही महिने आधी. ऑस्ट्रेलियात शालान्त वर्षाच्या ५४० विद्यार्थ्यांपैकी काहींना परीक्षेआधीच सीबीटीवर बेतलेला संगणकीय खेळ खेळायला दिला गेला. तुलनेच्या गटापेक्षा त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी राहिली आणि हा फरक सहा महिन्यांनीही दिसला, दीड वर्षानं मात्र उरला नाही. २०१७ मधला हा अभ्यास आहे. ताण परीक्षेच्या पद्धतीतूनच येत असेल, तर प्रश्न १० आधी वाचा.

१२. अ‍ॅप किंवा व्हिडिओ देऊन काम भागेल का?

वर्गात वेळ राखून, कुणीतरी सोबत बसून वापरलं तर काही प्रमाणात. ‘घरी डाऊनलोड करून घ्या’ एवढ्यावर सोडलं तर बहुतेक मुलं पहिल्या आठवड्यातच सोडून देतात. अ‍ॅप मुलाची कोणती माहिती साठवतं आणि ती कुणाकडे जाते, हे शाळेनं आधी तपासलंच पाहिजे.

१३. एखादं मूल जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती वाटते. थेट विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात ते घातल्यासारखं होईल ना?

नाही. थेट विचारा. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. आत्महत्येबद्दल प्रश्न विचारल्यानं मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत, आणि आधीच खचलेल्या मुलांना तर काहीसं हलकं वाटल्याचं दिसलं. निकाल २००५ मध्ये छापले गेले.

एकांतात, घाई न करता, साध्या शब्दांत विचारा: ‘इतका त्रास होतोय की मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, वाद नको, ‘आईबाबांचा विचार कर’ नको. ऐकून घ्या. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. मुलाला एकटं सोडू नका. आजच पालकांना आणि मानसोपचारतज्ज्ञाला किंवा जवळच्या रुग्णालयाला कळवा. धोका लगेचचा वाटत असेल तर आपत्कालीन सेवेला फोन करा. घरी ज्यानं इजा होऊ शकते अशा वस्तू आणि औषधं कुलपात ठेवायला पालकांना सांगा. हे सगळं कोण करणार हे शाळेनं वर्षाच्या सुरुवातीलाच नावानिशी ठरवून ठेवायचं असतं, म्हणजे ऐन वेळी शिक्षक-खोलीत चर्चा होत बसत नाही.

घरातूनच मुलाला धोका असेल तर कुणाला कळवायचं, यासाठी प्रश्न १६ पाहा.

१४. सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली तर त्रासातली मुलं आधीच सापडतील. मग तेच का करू नये?

गणित मांडून पाहू. समजा ५०० मुलं आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. प्रश्नावली चांगली आहे. आजारी मुलांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. म्हणजे ५० पैकी ४० सापडली, १० निसटली. पण ४५० निरोगी मुलांतल्या ९० जणांवरही खूण झाली. आता तुमच्या यादीत १३० नावं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मुलं आजारी नाहीत. प्रत्येकाशी जाणत्या माणसानं निवांत बोलल्याशिवाय कोण कुठल्या बाजूचं ते कळणार नाही. तेवढी माणसं आहेत का तुमच्याकडे?

नसतील तर प्रश्नावली भरून घेऊ नका. मुलानं विश्वासानं ‘हो, रोज वाटतं’ असं लिहावं आणि महिनाभर कुणी फिरकू नये, याहून वाईट काही नाही. माणसं असतील तर कागद त्याच दिवशी वाचले जातील अशी सोय करा. नावाशिवाय भरलेली प्रश्नावली मात्र शाळेचा एकूण अंदाज घ्यायला उपयोगी पडते.

१५. तास चालू असताना एखादं मूल सगळ्यांसमोर घरातलं सांगायला लागलं तर?

शांतपणे थांबवा, गप्प करू नका. ‘हे महत्त्वाचं आहे, मला नीट ऐकायचंय, तास संपल्यावर आपण दोघंच बोलू’ एवढं म्हणा, आणि खरोखर त्याच दिवशी बोला. हे घडू नये म्हणून पहिल्याच तासाला नियम सांगायचा: उदाहरणं फळ्यावरच्या काल्पनिक मुलांची, स्वतःची नाहीत. वर्गात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर असू शकते, आणि ती परत घेता येत नाही.

१६. मूल म्हणतं, ‘सांगतो, पण घरी सांगू नका.’ काय करायचं?

‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. मुलानं बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगा, की त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर ते आपल्याला पुढे सांगावं लागेल. बाकी गोष्टी आपल्यातच राहतील. अनेकांना वाटतं हे ऐकून मूल बोलणारच नाही. अनुभव असा, की मर्यादा आधी कळली तर मुलं जास्त विश्वास ठेवतात.

सांगायचंच असेल तर काय सांगायचं, कुणासमोर, कोणत्या शब्दांत, हे मुलासोबत ठरवा. आणि अत्याचार करणारी व्यक्ती घरातलीच असेल तर घरी फोन करायचा नाही. बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला कळवायचं. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, पण अशा वेळी शिक्षकाला गप्प राहण्याची मुभा बहुधा नसते.

१७. पालक म्हणून मला माझं मूल यात नको आहे. नाही म्हणता येतं का?

यायला हवं. शाळेनं आधी सांगावं, की काय शिकवणार, कोण शिकवणार, माहिती कुठे ठेवणार. तुम्ही तासांची रूपरेषा मागून घ्या. नकार दिला तर मुलाला तेवढा वेळ ग्रंथालयात बसता यावं; त्याला वर्गाबाहेर उभं करणं चूक. मूल स्वतः नको म्हणत असेल तर त्याचंही ऐका. ‘तुला याची गरज आहे’ असं म्हणून ढकललेल्या मुलाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

१८. माझी मुलगी आधीच उपचार घेते आहे. तिनं बसावं का?

तिच्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना विचारा आणि तिलाही विचारा. काही मुलांना ‘मी एकटी नाही’ हे कळून बरं वाटतं. काहींना वर्गात तो विषय निघाला की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. तास सोडून उठायची मुभा तिला आधीच, कारण न विचारता, द्यावी. आणि कार्यक्रम चालू आहे म्हणून औषधं किंवा थेरपी कमी करायची नाही. खाण्याचे विकार किंवा स्वतःला इजा करण्याची सवय असलेल्या मुलांच्या बाबतीत तर वर्गात त्या विषयाचे बारकावे चर्चेला येऊच नयेत. ऐकून ते उचलले जाण्याचा धोका असतो.

ऑटिझम असलेल्या किंवा वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांसाठी चित्रं, छोटे गट आणि ठरलेला क्रम लागतो. तीन रकान्यांची वही प्रत्येकाला जमेलच असं नाही.

१९. उपयोग झाला हे कसं ओळखायचं?

‘मुलांना आवडला’ हा निकष पुरेसा नाही. न आवडलेलाही लागू पडू शकतो आणि आवडलेलाही वाया जाऊ शकतो. सुरुवातीला, संपल्यावर आणि सहा महिन्यांनी तीच छोटी, नाव नसलेली प्रश्नावली घ्या. जमलं तर अर्ध्या तुकड्यांना आधी आणि अर्ध्यांना पुढच्या सत्रात कार्यक्रम द्या, म्हणजे तुलना करता येईल. त्रास एरवीही चढतो-उतरतो; तुलना नसेल तर आपोआप उतरलेल्याचं श्रेयही कार्यक्रमाला जातं. गैरहजेरी, शाळेत येण्याची टाळाटाळ, आपणहून समुपदेशकाकडे येणारी मुलं, हे आकडेही बघा. यातला शेवटचा आकडा वाढला तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ मुलांना दार सापडलं असा असतो.

२०. आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्यानं आत्महत्या केली. लगेच सगळ्यांसाठी असा कार्यक्रम घ्यावा का?

आत्ता नाही. पहिल्या काही आठवड्यांत काम वेगळं असतं. बातमी मोठ्या सभेत देऊ नका; प्रत्येक वर्गात, ओळखीच्या शिक्षकानं, थोडक्यात आणि खरी सांगावी. पद्धत, जागा, चिठ्ठी यांबद्दल काहीही बोलू नये. एकाच कारणाकडे बोट दाखवू नये, आणि त्या मुलाला वीर किंवा दोषी ठरवणारं भाषण नको. शाळेचे तास शक्य तितके नेहमीसारखे चालवा, पण रडायला, बोलायला एक खोली आणि एक माणूस दिवसभर मोकळा ठेवा. सगळ्यांना बळजबरीनं ‘काय वाटलं ते सांगा’ म्हणून गोलात बसवणं टाळा. त्यातून काहींचा त्रास वाढतो.

जवळचे मित्र, भावंडं, त्याच्याशी नुकतंच भांडण झालेली मुलं आणि आधीपासून त्रासात असलेली मुलं, यांची यादी त्याच दिवशी करा आणि प्रत्येकाशी वेगळं बोला, प्रश्न १३ मध्ये दिलं आहे तसं. त्यांच्या पालकांनाही कळवा. किशोरवयात अशा घटनेनंतर दुसरी घटना घडण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून ही यादी महिनाभर, आणि पुढे वाढदिवस, निकालाचा दिवस, वर्षश्राद्ध अशा तारखांना पुन्हा काढून पाहायची. वर्गातला कार्यक्रम काही महिन्यांनी, तज्ज्ञांशी बोलून आणि त्या कुटुंबाला आधी कळवून सुरू करावा.